बोलायच्या परीक्षेत दातखीळ बसते, काय करावं?

कोरी_पाटी | रविवार, रात्री ११:२०

मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मागच्या महिन्यात आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, दिली. ऐकणे ७.५, वाचन ७, लेखन ६.५ आणि बोलणे ५.५. मला चारही ठिकाणी ६.५ हवेत. पुन्हा बसतेय, हातात १८ दिवस आहेत.

नेमकं काय झालं ते आधीच सांगते, म्हणजे 'सराव करा' एवढ्यावर कुणी बोळवण करणार नाही. पहिला भाग, घर, काम, छंद वगैरे, बरा गेला. मग समोर कार्ड आलं: ज्याने तुम्हाला काहीतरी शिकवलं अशा माणसाबद्दल बोला. तयारीला एक मिनिट. त्या मिनिटात मी अडीच वाक्यं लिहिली. पूर्ण, सुबक, व्याकरणशुद्ध. तळहाताला इतका घाम की पेन्सिल निसटत होती. बोलायला लागले, अडीच वाक्यं वाचली आणि खेळ खलास. वीसेक सेकंद झाली असतील. समोरच्या बाई माझ्याकडे बघतायत, मी टेबलावरच्या रेकॉर्डरकडे. आणखी काही सांगाल का, असं त्यांनी विचारलं आणि मला एक शब्द आठवेना. इंग्रजी जाऊ द्या, मराठीसुद्धा. घशाला कोरड, कानात धडधड. तिसऱ्या भागात 'येस, आय थिंक सो' आणि 'इट डिपेंड्स' या दोन बैलांवर गाडा ओढला.

बाहेर आले आणि जिन्यातच सगळं सुचलं. मला पोहायला शिकवलं ती मावशी, तिची शिट्टी, पहिल्यांदा पाय टेकेनात तेव्हाची ती भीती. पाच मिनिटं बोलले असते.

माझं इंग्रजी अगदीच टाकाऊ नाही हो, ऑफिसात दिवसभर त्यातच काम चालतं. मला त्या खुर्चीत शांत कसं बसायचं, तेवढंच सांगा.

झुळूक | रविवार, रात्री ११:५२

अगदी ओळखीचं वर्णन! आधी शरीराचं बघू, कारण तुमची गाडी तिथेच अडलीय. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय पळायला लागतं, हात ओले होतात आणि लाळ कमी होते. म्हणून घशाला कोरड. 'शांत हो' असं हृदयाला सांगून ते ऐकत नाही, पण श्वास आपल्या हातात असतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने सहा-आठ मोजेपर्यंत बाहेर, मेणबत्ती न विझवता फुंकर घालावी तसं. असं दहा वेळा.

बहुतेकजण एक चूक करतात. परीक्षेच्या दाराशी पहिल्यांदा करून बघतात, मोठमोठे श्वास आत ओढतात आणि गरगरायला लागतं. आजपासून रोज रात्री करा, म्हणजे शरीराला ती वाट ओळखीची होईल. आणि आत जायच्या आधी पाण्याचे दोन घोट. बाटलीभर नको, नाहीतर तिसऱ्या भागात वेगळीच घाई!

फुटकळ | सोमवार, सकाळी ८:०५

वाचतोय. माझीही हीच रड आहे.

वाटसरू_२ | सोमवार, सकाळी ९:३०

झुळूक, श्वासाचं सगळं खरं, पण मी दोनदा आपटलो आणि तिसऱ्यांदा पार पडलो ते श्वासामुळे नाही. समोरचा माणूस तिथे काय करतोय ते समजलं म्हणून.

पहिल्या दोन्ही वेळी मी परीक्षकाचा चेहरा वाचत बसलो होतो. तो हसत नाही म्हणजे मी चुकलो. त्याने काहीतरी लिहिलं म्हणजे मी चुकलो. त्याने मध्येच तोडलं म्हणजे तर संपलंच. नंतर कळलं की त्याला हे असंच वागायला सांगितलेलं असतं. पहिल्या भागातले प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारायचे, 'छान', 'बरोबर' असं काही म्हणायचं नाही, वेळ घड्याळावर सांभाळायची. पूर्ण मुलाखत ११ ते १४ मिनिटांत बसवावीच लागते. कार्डावरचं बोलणं दोन मिनिटांना तो थांबवणारच, तुम्ही कितीही रंगात आलेले असा. थांबवलं म्हणजे तुम्ही वेळ भरून बोललात, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक, तुमच्या मताला गुण नाहीत. मत पटण्यासारखं आहे का, माहिती खरी आहे का, हे कुणी तपासत नाही. ती शिट्टीवाली मावशी तुम्ही तिथल्या तिथे रचली असती तरी चाललं असतं.

हे कळल्यावर मला ती खोली आरटीओच्या वाहन परीक्षेसारखी वाटायला लागली. शेजारी बसलेला साहेब गप्पा मारायला आलेला नाही, तर आपण गाडी चालवायची, त्याने कागद भरायचा.

खडू | सोमवार, दुपारी ३:१५

मी इंग्रजी शिकवते, बोलायच्या परीक्षांची तयारीही करून घेते. वाटसरूंना पूर्ण अनुमोदन, आणि थोडी भर. लांबेल, आधीच माफी.

कोरी पाटी, तुम्ही त्या मिनिटात अडीच *वाक्यं* लिहिलीत. घोटाळा तिथेच झाला, घाम नंतर आला. वाक्यं लिहिली की डोळे ती वाचायला लागतात, आणि कागद संपला की माणूस संपतो. लिहायचे ते पाच-सहा शब्द, आणि तेही डोळ्यांसमोर चित्र उभं करतील असे. 'शिट्टी. निळं पाणी. पाय टेकेनात. ओरडली. आता मी भाचीला.' बघा, प्रत्येक शब्दावर वीस-पंचवीस सेकंद आपोआप निघतात. हे शब्द मराठीत लिहिलेत तरी कुणी अडवणार नाही, तो कागद गुणांत धरत नाहीत. कार्ड आणि कागद बोलताना समोरच असतात, खुशाल बघा.

दुसरं, आपली मराठीवाल्यांची एक खास अडचण. आपलं क्रियापद वाक्याच्या शेपटीला असतं. मनात मराठी वाक्य जुळवून मग उलटवायला गेलं की 'माझ्या मावशीने मला लहानपणी सुट्टीत पोहायला...' इथपर्यंत आपण मनात धावतो आणि तोंडातून बाहेर काय येतं? 'माय आंट...' आणि शांतता. इंग्रजीत दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच क्रियापद हवं असतं, आपलं अजून वाटेत असतं. त्या दोन सेकंदांच्या शांततेला माणूस घाबरतो आणि मग खरोखर गोठतो. उपाय अगदी साधा: छोटी वाक्यं. 'माय आंट टॉट मी टू स्विम. आय वॉज नाइन. आय हेटेड इट.' तीन वाक्यं, तीन क्रियापदं, गाडी चालू. लांब वाक्यं पुढे वेग आला की आपसूक येतात.

गुणांचंही सांगून टाकते, म्हणजे नको तिथे जीव जाणार नाही. चार गोष्टी बघतात आणि चौघींना सारखं वजन, प्रत्येकी २५ टक्के: ओघ आणि सुसूत्रता, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. उच्चार म्हणजे समोरच्याला सहज कळणं, परदेशी हेल काढणं नव्हे. एखादा काळ चुकला, तर चुकला. ती चूक सुधारायला तीनदा मागे गेलात तर व्याकरणाचं गेलेलं परत मिळत नाहीच, वर ओघाचंही जातं. एकदा सुधारा, पुढे चला.

आणि पाठांतर करू नका. काही क्लासमध्ये तयार उत्तरं घोकून घेतात, मी स्वतः अशा एका ठिकाणी काही दिवस शिकवलंय आणि त्याची अजून लाज वाटते. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला दुसऱ्या वाक्याला कळतं, स्वरच बदलतो. त्याहून वाईट म्हणजे पाठ केलेला माणूस जास्त घाबरतो, कारण एक शब्द निसटला की सगळी माळ ओघळते.

नाडी | सोमवार, संध्याकाळी ७:४०

खडूताई, प्रतिसाद जपून ठेवलाय.

मी डॉक्टर आहे, भाषेतलं काही कळत नाही. फक्त झुळूकच्या माहितीला जोड: कॉफी. शरीरातल्या कॅफीनचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. ज्यांना रोज एक कप लागतो त्यांनी तेवढाच घ्यावा, एकदम सोडला तर डोकं दुखेल. परीक्षा आहे म्हणून तीन कप ढोसलेत तर हातांची थरथर भीतीची की कॉफीची, ते मलाही सांगता येणार नाही.

बेधडक | सोमवार, रात्री १०:१०

एवढं रामायण कशाला? माझ्या मित्राने मुलाखतीआधी धडधड थांबवायची एक गोळी घेतली होती. वादक वगैरे कार्यक्रमाआधी घेतात म्हणे. नाडीसाहेब नाव सांगतील.

नाडी | सोमवार, रात्री १०:३५

नाव माहीत आहे, इथे लिहिणार नाही. ही औषधं हृदयाची गती आणि रक्तदाब खाली आणतात. दम्याच्या रुग्णाला त्यातल्या काही गोळ्या जिवावर बेतू शकतात, मधुमेहात साखर उतरल्याची खूण झाकली जाते. गोळी घ्यायची की नाही हे तपासणाऱ्या डॉक्टरनेच ठरवायचं, आणि दिली तरी परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा घ्यायची नाही. 'मित्राची उरलेली एक आहे' हा प्रकार तर नकोच.

बेधडक | सोमवार, रात्री १०:४१

बरं बाबा, माघार. मग एक पेग? :)

खडू | सोमवार, रात्री ११:०२

अवांतर, पण हसू नका, याच्यावर खरंच प्रयोग झालाय. १९७२ मध्ये गिओरा आणि सहकाऱ्यांनी लोकांना थोडीशी दारू देऊन अनोळखी भाषेचे उच्चार करायला लावले. अगदी थोड्या मात्रेत उच्चार सुधारले, मात्रा वाढली तसे बिघडले. त्यांचा मुद्दा दारूचा नव्हताच. परकी भाषा बोलताना आपण आपल्यावर जो पहारा ठेवतो तो सैल झाला की जीभ सुटते, हा होता. पहारा सैल करायचे बिनवासाचे मार्गही आहेत. बेधडक, परीक्षा केंद्रावर तोंडाला वास येत असला तर ओळखपत्र तपासतानाच निकाल लागेल.

चौकट | मंगळवार, सकाळी ७:२०

मी जरा उलटं बोलतो. सगळे 'शांत व्हा' म्हणताय. मुळात शांत व्हायचंच कशाला?

२०१४ मध्ये अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी प्रयोग केले. भाषण करायला, गायला, गणितं सोडवायला बसलेल्या माणसांपैकी काहींनी स्वतःला 'मी शांत आहे' म्हणून समजावलं, काहींनी 'मला हुरूप आलाय' असं म्हटलं. दुसऱ्यांची कामगिरी चांगली झाली. कारण सरळ आहे: भीतीत आणि उत्साहात छाती सारखीच धडधडते. धडधडीवरून शांततेवर उडी मारणं अवघड, धडधडीचं नाव बदलणं सोपं.

आणि थोडा ताण लागतोच. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्येच दाखवलंय की अवघड कामात फार ताण घातक, पण अजिबात नसला तरी काम नीट होत नाही.

झुळूक | मंगळवार, सकाळी ९:००

चौकट, मला पटत नाही. ज्याची धडधड थोडी आहे त्याला 'हुरूप आलाय' म्हणता येईल. कोरी पाटींना मराठीसुद्धा आठवेना! तिथे आधी पाणी उतरवायला हवं. आणि यर्क्स-डॉडसनचा तो प्रयोग उंदरांवरचा होता ना?

चौकट | मंगळवार, सकाळी ९:१२

होय, उंदरांवरचा. मान्य.

कोरी_पाटी | मंगळवार, रात्री ९:४५

उंदरांना निदान कार्डावर दोन मिनिटं बोलायचं नव्हतं!

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. मी दोन्ही करून बघते. रात्री झुळूकचा श्वास, आणि परीक्षेच्या दारात चौकट यांचा हुरूप.

खडूताई, काल पाच शब्दांचं करून बघितलं. फोनवर रेकॉर्ड केलं. १ मिनिट १० सेकंद! पण परत ऐकताना अंगावर काटा आला. माझा आवाज किती थरथरतो.

खडू | मंगळवार, रात्री १०:३०

ते रेकॉर्डिंग घरातल्या कुणाला तरी ऐकवा आणि विचारा, घाबरलेली वाटते का. पैज लावते, ते म्हणतील 'थोडीशी, का गं?' आपली धडधड समोरच्याला दिसतेय असं आपल्याला वाटतं, दिसते त्याहून बरीच कमी. गिलोविच आणि सावित्स्की या मानसशास्त्रज्ञांनी यावर काम केलंय. भाषणाआधी लोकांना एवढंच सांगितलं की तुमची घालमेल बाहेर फारशी दिसत नसते, तर त्यांची भाषणं सुधारली. नुसत्या सांगण्याने! म्हणून तुम्हालाही सांगून ठेवते.

आता व्यायाम. तोच विषय तीन जणांना सांगा: पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. माणसं बदलायची, गोष्ट तीच. तिसऱ्या वेळी शब्द शोधायचे नसतात, त्यामुळे वेग कसा असतो ते जिभेला कळतं. तिघे नसतील तर एक माणूस, एक मांजर आणि एक आरसा चालेल, पण निदान एकजण जिवंत असावा.

तीन_सेकंद | बुधवार, दुपारी १:००

इथे सगळे माणसासमोरच्या परीक्षेबद्दल बोलतायत. माझी पीटीई होती, तीही इंग्रजीचीच परीक्षा, पण तिथे समोर यंत्र. मला वाटलं, चेहरा नाही म्हणजे भीती नाही. हेडफोन चढवला तर शेजारच्या सहाजणांचा कल्ला! एकजण तावातावाने आलेख समजावतोय, एकजण उतारा खणखणीत वाचतोय. माझा आलेख राहिला बाजूला, मी त्याचाच ऐकत बसलो.

वर नियम असा की तीन सेकंद गप्प राहिलात तर ध्वनिमुद्रण बंद, प्रश्न संपला. तिथे श्वासबिस घ्यायला सवडच नाही. माझा उपाय सांगतो: घरी टीव्ही मोठ्याने लावून सराव केला. पहिले दोन दिवस डोकं फिरलं, नंतर कान आपोआप मिटायला लागले. चित्राचं वर्णन करायला बोलण्याआधी २५ सेकंद असतात, त्यात फक्त पहिलं वाक्य ठरवायचो, बाकी नशिबावर. अडखळलो तर तेच वाक्य पूर्ण करून पुढे, मागे वळून बघायचं नाही. यंत्र तुमच्यावर नाराज होत नाही, हा त्यातला मोठा दिलासा.

जोडगोळी | बुधवार, दुपारी २:२५

मी केंब्रिजची बी-२ फर्स्ट दिली. तिथे उमेदवार जोडीने बसतात, परीक्षकही दोन. एकजण बोलतो, दुसरा कोपऱ्यात बसून नुसता ऐकतो. १४ मिनिटं. माझी जोडीदारीण माझ्याहून घाबरलेली होती. तिला शब्द सुचेना तेव्हा मी तिला प्रश्न विचारला, आणि त्या नादात स्वतःची भीती विसरले. नंतर कळलं की समोरच्याला बोलतं करणं हेही तिथे गुणांत धरतात. मी बापडी माणुसकी म्हणून केलं होतं.

पांढराकोट | बुधवार, रात्री ८:५०

परिचारिका, डॉक्टर मंडळींसाठी ओईटी असते, तिथलं सांगते. सुरुवातीच्या गप्पांना गुण नसतात, त्या निव्वळ जीभ मोकळी व्हायला. मग दोन प्रसंग, प्रत्येकाला तीन मिनिटं तयारी, पाच मिनिटं संवाद. समोरचा रुग्ण किंवा नातेवाईक होतो. मी स्वतःला बजावलं की हा खरंच रुग्ण आहे आणि माझ्यापेक्षा तोच घाबरलाय. बस्स, वॉर्डातली मी परत आले.

वाटसरू_२ | गुरुवार, सकाळी १०:१०

या शेवटच्या दोन प्रतिसादांत एकच गोष्ट आहे बघा. लक्ष स्वतःवरून उठून समोरच्यावर गेलं की जीभ सुटते. माझंही तेच झालं होतं, मला शब्दांत पकडता येत नव्हतं. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा परीक्षकाचा प्रश्नच मला आवडला होता, जुने फोटो ठेवावेत की नाही असा काहीतरी. उत्तर देताना मला खरोखर काहीतरी सांगायचं होतं.

कोरी_पाटी | शनिवार, रात्री ११:३०

अजून दीड आठवडा आहे. थोडं सांगते, थोडं विचारते.

४-३-२ चालू आहे. पहिला श्रोता नवरा, दुसरी सासूबाई (त्यांना इंग्रजी येत नाही, पण मान डोलावतात, त्याने फार धीर येतो), तिसरा आरसा. दोन मिनिटं भरतात आता.

अडतं ते तिसऱ्या भागात. 'समाजात पोहण्याचं महत्त्व कमी होतंय का' असं काहीतरी विचारलं तर मला मतच नसतं. मग डोकं कोरं.

खडू | रविवार, सकाळी ८:४०

मत नसणं हेही उत्तर आहे, फक्त ते बोलायला हवं. 'टू बी ऑनेस्ट, आय हॅव नेव्हर थॉट अबाउट इट, बट व्हेअर आय वर्क...' आणि मग तुमच्या ऑफिसातलं, शेजारचं, भाचीचं काहीही. समाजाबद्दल बोलायला समाजशास्त्र लागत नाही, ओळखीची दोन माणसं लागतात. एक ज्याला पोहता येतं, एक ज्याला येत नाही.

प्रश्न कळला नाही तर निलाजऱ्यासारखं विचारा. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' याचे गुण जात नाहीत. पहिल्या भागात ते तोच प्रश्न पुन्हा वाचतील, समजावून देणार नाहीत. तिसऱ्या भागात वेगळ्या शब्दांत विचारू शकतात. फक्त प्रत्येक प्रश्नाला हे केलंत तर कळतं हं.

निळीशाई | रविवार, दुपारी १२:१५

एक छोटी गोष्ट सुचवू? परीक्षेला जायच्या आधी दहा मिनिटं कागदावर लिहून काढा, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय. २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात रामिरेझ आणि बायलॉक यांचा अभ्यास आला होता. परीक्षेच्या तोंडावर असं लिहिणाऱ्या, एरवी घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. डोक्यात घिरट्या घालणारं कागदावर बसतं, डोक्यात जागा होते.

कोरी_पाटी | रविवार, रात्री १०:५५

निळीशाई, परीक्षेची वाट न बघता आजच लिहिलं. आणि एक गंमत झाली. इंग्रजी चौथ्या ओळीत आलं! पहिली ओळ होती, 'सगळे विचारतील किती आले.' दुसरी, 'धाकट्या बहिणीला पहिल्याच फटक्यात ७.५ होते.' तिसरी, 'ऑफिसात सुट्टी परत मागायला लाज वाटते.' त्या खोलीत मी परीक्षकाशी बोलत नव्हतेच, माझ्या बहिणीशी बोलत होते.

तारीख फक्त नवऱ्याला माहितीये आता. बाकीच्यांना सांगितलंय की पुढच्या महिन्यात आहे.

बेधडक | रविवार, रात्री ११:०८

शाब्बास! धाग्यातला सर्वात उपयोगी सल्ला: खोटी तारीख.

कोरी_पाटी | दहा दिवसांनी, संध्याकाळी ६:३०

झाली एकदाची. वृत्तांत लिहिते, तुमचं देणं लागते.

सकाळी नवऱ्याशी पंधरा मिनिटं इंग्रजीत बोलले, गॅस सिलिंडर कधी बदलायचा यावर. जीभ गरम झाली. फोन बाहेर जमा केला. वाट बघायच्या खोलीत शेजारी एकजण डोळे मिटून पाठ केलेलं उत्तर पुटपुटत होता, आणि माझ्या पोटात गोळा यायला लागला. उठून खिडकीपाशी गेले, श्वास सोडत राहिले. आत जाताना मनात 'हुरूप आलाय' म्हटलं आणि स्वतःलाच हसू आलं. त्या हसऱ्या तोंडानेच आत शिरले, तेच कामी आलं बहुतेक.

कार्ड होतं, तुम्ही दुरुस्त केलेल्या एखाद्या वस्तूबद्दल. सहा शब्द लिहिले, चार मराठीत. छत्री सांगितली. मध्येच छत्रीच्या काडीला काय म्हणतात ते आठवेना. मागच्या वेळी इथेच मेले असते. या वेळी 'दोज थिन मेटल थिंग्ज, लाइक द लेग्ज ऑफ अ स्पायडर' म्हटलं आणि पुढे गेले. बोलत असतानाच त्यांनी 'थँक यू' म्हणून थांबवलं. वाटसरू, मला इतका आनंद झाला!

हात शेवटपर्यंत थरथरत होते, ते काही थांबलं नाही. मांडीवर ठेवून दिले आणि बोलत राहिले.

खडू | दहा दिवसांनी, संध्याकाळी ७:०५

कोळ्याचे पाय! अगं, शब्द अडला की वळसा घालून अर्थ पोचवणं हे शब्दसंपत्तीतच मोजतात. 'रिब्ज' म्हणाली असतीस तर मला एवढं आवडलं नसतं.

कोरी_पाटी | सोळा दिवसांनी, सकाळी ११:१५

बोलणे ६.५!! बाकीही निभावलं. वाचन अर्ध्याने घसरलं, पण चालतंय. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

सायंतारा | दोन महिन्यांनी, रात्री ९:२०

धागा आत्ता सापडला. माझी उद्या सकाळी १० वाजता आहे. एवढं सगळं वाचून उलट जास्तच भीती वाटतेय. एकच काहीतरी सांगा ना.

कोरी_पाटी | दोन महिन्यांनी, रात्री ९:३४

सगळं बंद कर. कुणाला तरी फोन लाव, दहा मिनिटं इंग्रजीत काहीही बोल, आणि झोप.

सायंतारा | दोन महिन्यांनी, रात्री ९:३६

ताई, इंग्रजीत बोलायला कुणी नाही घरात. लाज पण वाटते.

कोरी_पाटी | दोन महिन्यांनी, रात्री ९:३७

व्यक्तिगत निरोप बघ, नंबर टाकलाय. छत्रीला काय म्हणतात ते विचारू नकोस फक्त.